ताशी आठ मैल

परवा आमच्या रस्त्याच्या तोंडाशी म्युनिसिपालिटीने एक पाटी ठोकली. लोखंडी खांब, वर पांढरा पत्रा आणि त्यावर ठळक काळ्या अक्षरांत, 'मोटारी सावकाश हाका'. खाली वेगाचा आकडा. आधी होता तो कमी केलाय म्हणे. आमचे हे चहा पिता पिता म्हणाले, "चला, उशिरा का होईना, पुण्याला अक्कल आली." मी भाजी आणायला बाहेर पडले, पाटी वाचली आणि सवयीने खांबाच्या बुंध्याशी पाहिलं. तिथे थोडी खडी होती, कुणीतरी टाकलेलं केळ्याचं साल होतं. दगड नव्हता. माझ्या मनात आलं, ही पाटी कुणी मानायचं नाही.

भाजी घेताना, ती निवडताना, दिवसभर मग मोठ्या बाई डोळ्यांपुढून हलल्या नाहीत.

लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत मी नोकरीला लागले तेव्हा ट्रेनिंग कॉलेजातून नुकतीच बाहेर पडले होते आणि जगातलं सगळं आपल्याला येतं अशा थाटात होते. द्वारकाबाई तिथे हेडमिस्ट्रेस. पण नावाने त्यांना कुणी ओळखत नसे. मुली, मुलींच्या आया, टपालवाला, स्टेशनावरचे हमाल, सगळ्यांच्या त्या मोठ्या बाई. अंगाने मात्र इतक्या लहानखुऱ्या की पाठमोऱ्या उभ्या असल्या तर सातवीतली एखादी मुलगी लुगडं नेसून आली आहे असं वाटावं. फिकट रंगाचं नऊवारी, पायांत कॅनव्हासचे बूट, हातात बारमाही काळी छत्री. बूट घालणारी विधवा बाई म्हणून बाजारात माणसं त्यांच्याकडे वळून बघायची. मग बाई थांबून त्या माणसांकडे बघायच्या आणि माणसं मुकाट्याने पुढे बघायला लागायची.

त्या काळात बाईंना घाई फार. चालणं घाईचं, बोलणं घाईचं, जेवणंही घाईचं. 'चला, चला, चला' हा त्यांचा मंत्र. घंटा वाजायच्या आत मुली वर्गात हव्यात, पहिली गोष्ट संपायच्या आत दुसरी सुरू व्हायला हवी. बाजारात त्यांना 'मेल' म्हणत. "मेल आली रं, सरक बाजूला," असं दुकानदार एकमेकांना सांगत, आणि बाईंना ते माहीत होतं. "मेल वेळेवर असते, तुमच्यासारखी नाही," असं त्या जाता जाता ऐकवून जायच्या.

देवधर्माशी त्यांचं पटत नसे. परीक्षेच्या आधी मुलींनी शाळेमागच्या चिंचेखाली एक दगड उभा केला, त्याला शेंदूर फासला आणि पास होण्यासाठी त्याला साकडं घातलं. बाईंना कळलं. त्या स्वतः गेल्या, दगड उचलून आणला आणि चौथीच्या वर्गाच्या दाराला लावला. ते दार वाऱ्याने सारखं आपटायचं. "दगड हा दगड असतो," त्या म्हणाल्या, "उचला आणि कामाला लावा." मुलींना वाटलं आता सगळ्या नापास होणार. झाल्या पास. दार मात्र पुन्हा कधी आपटलं नाही.

सोमी ठाकरांच्या वाडीतली. वळवणच्या वरच्या अंगाला डोंगरात पाचसहा झोपड्या होत्या. तिथून एकही मुलगी शाळेत येत नाही हे बाईंच्या मनाला लागलं होतं. एका रविवारी त्या मला घेऊन वर गेल्या. मी धापा टाकत होते, बाई बूट वाजवत पुढे. सोमीचा बाप हिरू लाकडं तोडून, मोळ्या विकून पोट भरणारा. दारात बसून त्याने बाईंचं सगळं ऐकून घेतलं.

"साळंचं न्हाई वो भ्या वाटत, बाई," तो म्हणाला. "पन साळा रस्त्याच्या पल्याड हाय. त्यो रस्ता लय वंगाळ. त्या मोटारी कशा येत्यात, बगितलंय ना तुमी?"

बाई हसल्या. "रस्त्याचं माझ्याकडे लागलं. रोज शाळा सुटली की मी स्वतः तिला पलीकडे आणून सोडीन. माझ्या हाताने."

"तुमच्या हातानं?"

"माझ्या हाताने."

हिरूने मान हलवली. सोमी आईच्या मागून डोकं काढून बाईंच्या बुटांकडे बघत होती.

हिरूला भीती वाटायची ती उगीच नव्हे. मुंबईहून येणारा रस्ता घाट चढून खंडाळ्यावरून लोणावळ्यात शिरतो आणि थेट बाजारातून जातो. घाटात रांगत आलेल्या मोटारी सपाटीला लागल्या की सुटायच्या. शेठ लोक हवा खायला आलेले, ड्रायव्हर कंटाळलेले, आणि शाळेच्या अलीकडे तर उतारच. वेगाची मर्यादा होती, ताशी वीस मैल. पण ती म्युनिसिपालिटीच्या दप्तरात होती, रस्त्यावर नव्हती.

सोमी शाळेत आली आणि वर्षभर टिकली. तिचा 'स' नेहमी उलटा पडायचा. झाडांची, पाखरांची नावं मात्र ती आम्हालाच शिकवायची. आणि ती पळायची! खो-खोत तिला धरणं कुणाला जमत नसे. बाई बाहेर उभ्या राहून छत्री आपटत ओरडायच्या, "चल, सोमे, चल, चल!" मला वाटतं बाईंना तिच्यात स्वतःचीच घाई दिसायची. इतर मुलींवर त्यांचं प्रेम होतं, पण सोमीवर जीव होता.

तो बाजाराचा दिवस होता. शाळा सुटली. बाई नेहमीसारख्या मुलींना घेऊन रस्त्याच्या कडेला आल्या. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात सोमीचा हात. पलीकडे हिरू उभा होता. मोळी विकायला आला होता आणि लेक दिसेल म्हणून थांबला होता. सोमीला बाप दिसला. "बा!" म्हणून तिने हाक मारली आणि हाताला हिसका दिला. तिचे हात नेहमीच कशाने ना कशाने चिकट किंवा ओले असायचे. त्या दिवशी ती नुकतीच पाटी धुऊन आली होती.

मी फाटकाशी होते. मोटार मी पाहिली ती थांबतानाच. ती बरीच पुढे जाऊन थांबली, आतल्या माणसांनी मागे वळून पाहिलं, आणि मग ती पुण्याकडे निघून गेली.

हिरूने लेकीला उचललं. तो ओरडला नाही. बाईंच्या समोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमचा हात सुटला."

त्यात दोष देणं नव्हतं. जे झालं ते त्याने सांगितलं एवढंच. पण ते चार शब्द पुढे बाईंना जन्मभर पुरले.

दुसऱ्या दिवशी बाई शाळेत आल्या, वेळेवर आल्या. पण चालत आल्या त्या अशा की मी ओळखलंच नाही. एकेक पाऊल टाकत, जमीन आहे ना याची खात्री करून घेत. त्या दिवसापासून 'चला, चला' हे शब्द त्यांच्या तोंडातून गेले. "घाई कुणाला आहे?" हा नवा शब्द आला. मुलगी धावत वर्गात आली, "घाई कुणाला आहे?" शिपायाने घंटा वेळेवर दिली, तरी "घाई कुणाला आहे?" इन्स्पेक्टरसाहेबांनी घड्याळ काढलं तेव्हा त्यांनाही त्यांनी हेच विचारलं. साहेब घड्याळ खिशात ठेवून बसून राहिले.

मुलींना रस्ता ओलांडून देताना त्या आता हात धरत नसत. "मनगट धर गं, हात नको," असं मला रोज सांगायच्या. "हात निसटतो." छत्री फक्त उजव्या हातात. डावा हात रिकामा. एकदा त्यांच्या त्या हातात मी भाजीची पिशवी द्यायला गेले तर त्या दचकून मागे सरकल्या. "तो मोकळा असू दे," म्हणाल्या. मग लाजल्यासारखं करून पिशवी छत्रीच्याच हातात घेतली.

आणि ते गप्प होणं. शिकवता शिकवता, वाक्याच्या मधेच, बाई थांबायच्या. आम्हाला काही ऐकू येत नसे. पण खंडाळ्याच्या बाजूने मोटार निघाली आहे हे त्यांच्या कानाला आधी कळायचं. मग आवाज आम्हालाही यायचा, वाढायचा, उतारावर सुटायचा, खिडक्यांची तावदानं थरथरायची. मोटार बाजार ओलांडून जाईपर्यंत बाई तशाच उभ्या. मुलीही त्यांच्याबरोबर श्वास धरून बसायला शिकल्या होत्या. आवाज विरला की बाई वाक्य जिथे तुटलं तिथूनच पुढे न्यायच्या. "...आणि म्हणून गोदावरी पूर्वेकडे वाहते." मला सुरुवातीला याचा राग यायचा, खरं सांगते. नंतर भीती वाटायला लागली. आपणही ऐकायला लागलो आहोत हे लक्षात आल्यावर.

वेग कमी करा म्हणून बाईंनी म्युनिसिपालिटीकडे धरणंच धरलं. वीसचे आठ करा, बाजारापुरते. बैलगाडीपेक्षा थोडा जास्त. अध्यक्ष वकील होते, स्वतःची मोटार असलेले. त्यांनी बाईंना बैठकीला बोलावलं, बसायला खुर्ची दिली आणि गोड बोलून सांगितलं की आठ मैल म्हणजे गावाचा धंदा बसेल. "मुंबईची मंडळी वैतागतील, बाई. लोणावळा सोडून माथेरानला जातील."

"माथेरानला मोटार जातच नाही," बाई म्हणाल्या. "तिथे शेठ लोक पायी चालतात आणि जिवंत राहतात."

सभासद हसले. बाई हसल्या नाहीत. "मला पंधरा मिनिटं द्या. आणि तुमची मोटार."

त्यांनी बाहेर उभ्या असलेल्या मला खूण केली. मी दोन कोहळे घेऊन उभी होते, मोठे, पिकलेले, राखाडी. या सगळ्या चळवळीत माझी नेमणूक ओझ्यासाठीच होती. सगळी सभा शाळेसमोर रस्त्याच्या कडेला आली. बाईंनी ड्रायव्हरला सांगितलं, "आधी वीस मैलांनी या. मी कोहळा सोडीन. दिसला की ब्रेक लावा. तुमची काही चूक व्हायची नाही, घाबरू नका."

मोटार उतारावरून आली. बाईंनी छत्रीच्या टोकाने कोहळा ढकलला. ड्रायव्हरने ब्रेक मारला, चाकं किंचाळली. तरी जो आवाज व्हायचा तो झाला. पांढरा गर रस्ताभर उडाला, अध्यक्षांच्या बुटांवरही आला. मोटार बरीच पुढे जाऊन थांबली.

बाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. त्यांचा डावा हात घट्ट मिटलेला होता. तशाच पाठमोऱ्या त्या म्हणाल्या, "आता आठने या."

दुसऱ्या वेळी मोटार कोहळ्याच्या हातभर अलीकडे उभी राहिली. कोहळा आपला डुलत डुलत गटारापर्यंत गेला आणि तिथे थांबला, अख्खा.

अध्यक्षांनी रुमालाने बूट पुसले. "ठराव मांडा," एवढंच म्हणाले. वाचलेल्या कोहळ्याच्या बाईंनी वड्या केल्या आणि शाळेतल्या सगळ्या मुलींना वाटल्या. मला मात्र ती वडी घशाखाली उतरेना.

पाटी लागली. मराठीत आणि इंग्रजीत, ताशी आठ मैल. तिला मान दिला तो ज्यांना गरज नव्हती त्यांनी. कार्ल्याचा एक गाडीवान पाटीपाशी बैल थांबवून उभाच राहिला, पुढे जायला परवानगी आहे का म्हणून. एका टांगेवाल्याने बाईंना गाठलं. "बाई, माजं घोडं म्हातारं झालंय. आठ मैल त्याला जमंना. दंड तर न्हाई ना व्हायचा?" मोटारी मात्र जशा जायच्या तशाच गेल्या. हवालदाराने शिट्टी फुंकायची आणि तोंडात धूळ घ्यायची, असं काही दिवस चाललं. मग त्याने तेही सोडलं. बाई रोज त्या पाटीखाली उभ्या राहायच्या, पत्र्यावरची धूळ छत्रीने झाडायच्या. मला त्यांच्याकडे बघवत नसे.

सोमीला जाऊन वर्ष झालं तेव्हा हिरू आला. मुंडाशात बांधून त्याने डोंगरातला एक दगड आणला होता. पाटीच्या शेजारी करंजाचं झाड होतं, त्याच्या मुळाशी त्याने तो बसवला, तेल घातलं, शेंदूर लावला. बाई शाळेतून बाहेर आल्या.

"हिरू, हा दगड आहे," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा होता.

"व्हय बाई, दगूडच हाय," हिरू म्हणाला. "आमच्यात असं बाहीर मेलेल्याला ठिवत्यात. जीव तितंच घोटाळतो. दमला तर त्याला बसाया नको का काय?"

बाईंनी छत्री उघडली, ऊन नसताना, आणि घरी गेल्या.

पुढचं जे झालं ते कुणी ठरवून केलं नाही. घाट चढताना ड्रायव्हर लोक घाटातल्या देवापुढे गाडी हळू करतात, हात जोडतात, एखादं नाणं टाकतात. ती त्यांची जुनी रीत. त्यांतल्या कुणाला तरी रस्त्याकडेचा हा नवा शेंदूर दिसला. त्याने हळू केली. मागच्याने पाहिलं, त्यानेही केली. महिन्याभरात लॉरीवाले, सर्व्हिस मोटारवाले, शेठ लोकांचे ड्रायव्हर, सगळे करंजापाशी गाडी रांगती करू लागले. मी एकाला विचारलं, कुठला देव हो हा?

"त्ये काय ठावं न्हाई, बाई. पन रस्त्याकडंचा देव लय कडक असतोय. इचारत बसू न्हाई."

एका दुपारी बाई शुद्धलेखन सांगत होत्या. वाक्याच्या मधेच थांबल्या. आम्ही श्वास धरला. आवाज आला, वाढला, आणि उतारावर सुटायच्या ऐवजी खाली बसला. मोटार खिडकीखालून गेली ती चालत्या माणसाच्या गतीने. तावदानं हलली नाहीत. बाई खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ बाहेर बघत राहिल्या. ते वाक्य त्यांनी त्या दिवशी पुरं केलंच नाही. मुलींच्या पाट्यांवर ते अर्धंच राहिलं.

त्यानंतर हिरू कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला म्हणून खाली कोकणात गेला आणि तापाने तिकडेच गेला. पावसाळा आला. लोणावळ्याचा पाऊस कशावरचाही रंग ठेवत नाही. दगड काळा पडला, मोटारी पुन्हा सुटू लागल्या. तिसरीतल्या एका मुलीचं दप्तर मोटारीच्या मडगार्डला अडकून फरफटत गेलं. मुलगी वाचली. बाई त्या दिवशी घरी गेल्या त्या भिंतीला धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत येताना पाहिलं, दगड लालभडक. भर पावसात कुणीतरी तेलात कालवून शेंदूर फासला होता आणि वर पळसाची पानं झाकली होती. पहिल्या तासाला बाई फळ्यावर बेरीज लिहीत होत्या. त्यांच्या बोटांच्या नखांत शेंदूर होता.

"बाई, बोटांना काय लागलंय?" माझ्या तोंडून गेलं.

त्यांनी बोटांकडे पाहिलं. "खडू," त्या म्हणाल्या.

शाळेत पांढऱ्याखेरीज खडू येतच नव्हता. पण त्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या आपण होऊनच व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुला हसू येत असेल," म्हणाल्या. "आयुष्यभर मी असले दगड उचलून दाराला लावले."

"नाही बाई, हसू नाही येत."

"मुलींना मी खोटं शिकवत नाही. पण सकाळी उठून खोटं रंगवते. काय करू? मोटारी हळू जातात गं." मग त्यांनी विचारलं, "तुला काय वाटतं, बसत असेल का ती तिथे? दमली की?"

मी त्यांचा हात हातात घ्यायला गेले आणि आठवून मनगट धरलं. त्या रडल्या. त्यांना रडताना मी पाहिलं ते एवढंच.

पुढे रस्त्यावर डांबर घालायचं ठरलं. करंज आणि दगड आड येत होते. बैठकीत अध्यक्षांनी बाईंना मुद्दाम बोलावलं. "बाई, लोक बिचकतात. तुम्ही सुधारक, मुलींचे शेंदूर पुसणाऱ्या. तुम्हीच एकदा सगळ्यांदेखत सांगा, हा नुसता दगड आहे. म्हणजे काम सुरू करता येईल."

बाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता काय करणार या? खोटं बोलणं त्यांना जमत नसे, आणि खरं बोलल्या तर दगड जाणार. त्या सगळ्यांकडे बघत होत्या, पण जणू कुणी दिसत नव्हतं.

"ती सोमी आहे," त्या म्हणाल्या.

पुढे कुणी विषय काढला नाही. डांबर पडलं, पण करंजापाशी रस्ता थोडा वळसा घेऊन गेला. गावात मात्र गवगवा झाला. मोठ्या बाईंच्या अंगात यायला लागलं, असं बायका म्हणू लागल्या. काहींनी मुली शाळेतून काढल्या, तर काहींनी मुलींबरोबर नारळ पाठवले. बाईंनी नारळ परत केले आणि काढलेल्या मुलींच्या घरी स्वतः जाऊन आल्या.

मग लढाई आली. लष्करी लॉऱ्यांच्या रांगाच्या रांगा घाट चढून येऊ लागल्या. वर्गात आता अर्धा अर्धा तास शांतता. बाई म्हणाल्या, "या गोऱ्यांना करंज काय आणि शेंदूर काय." शाळा सुटायच्या वेळी त्या छत्री आडवी धरून रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. मी ओरडले. पहिली लॉरी आली. चालवणारा आपल्याकडचाच कुठला तरी शिपाईगडी होता. त्याची नजर बाईंवर नव्हती, करंजावर होती. त्याने हळू केली आणि कपाळाला हात लावला. तो हळू झाला म्हणून मागची हळू झाली, तिच्या मागची झाली. बघता बघता सगळी पलटण बैलगाड्यांच्या गतीने बाजारातून गेली. मागच्या लॉऱ्यांतले गोरे माना काढून बघत होते, पुढे काय अडलंय म्हणून. बाई कडेला आल्या. "एकाला कळलं तरी पुरतं," त्या म्हणाल्या.

लग्न होऊन मी पुण्याला आले. पत्रं लिहीन म्हटलं होतं. दोनचार लिहिलीही.

त्यानंतर बाईंना पाहिलं ते एकदाच. मी सर्व्हिस मोटारीने खंडाळ्याला मामेबहिणीकडे निघाले होते. वडगावला माझ्या शेजारी एक म्हातारी चढली, खंडाळ्याला लेकीकडे जाणारी. बाजार मागे पडून शाळेची भिंत दिसू लागली तशी ड्रायव्हरने गाडी रांगती केली.

"हितं कंची देवी हाय रं, बाबा?" म्हातारीने विचारलं.

"मास्तरीणबाईची, मावशी," ड्रायव्हर पुढे बघतच म्हणाला. "हितं एक मास्तरीण मोटारीखाली गेली. छत्री होती तिच्या हातात. अजून येती म्हनत्यात, साळा सुटायच्या टायमाला. दिसली तर हारन वाजवायचा न्हाई, उबं ऱ्हायचं."

मी सांगणार होते की असं काही झालेलं नाही. गेली ती एक मुलगी होती, तिचं नाव सोमी, आणि मास्तरीणबाई जिवंत आहेत. पण ड्रायव्हरने ब्रेक लावला आणि गाडी पार थांबली.

करंजाखाली मोठ्या बाई उभ्या होत्या. केस पांढरे झाले होते, पाठीत बाक आला होता, बूट तेच. शाळा सुटून गेली असावी, आसपास एकही मूल नव्हतं. बाईंनी दोन्ही बाजूंना बघितलं, सावकाश, आणि त्या रस्त्यावर उतरल्या. उजव्या हातात छत्री. डावा हात अंगापासून जरा दूर, खाली, लहान मुलाच्या मनगटाच्या उंचीवर, घट्ट मिटलेला. आपली पावलं त्या कुणाच्या तरी छोट्या पावलांशी जुळवून टाकत होत्या. ड्रायव्हरने हात जोडले होते. म्हातारीनेही जोडले.

मला हाक मारायची होती. ओठांवर आली होती. पण हाक मारली असती तर त्या वळल्या असत्या, दचकल्या असत्या, आणि हात सुटला असता.

पलीकडे पोचल्यावर, त्या दिवशी हिरू जिथे उभा होता तिथे, बाई थांबल्या. जरा वाकल्या. आणि मूठ उघडली.

मग ड्रायव्हरने गाडी सावकाश पुढे घेतली.